सांगलीत वस्तीसोबत कलाप्रकल्प करायचाय? अनुदानाची वाट, पहिल्या कागदापासून शेवटच्या हिशेबापर्यंत

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' उभे केले, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयावर. आपण ज्या प्रयोगापासून मराठी रंगभूमी मोजतो, त्यालाही कुणीतरी पैसे पुरवलेच होते. तेव्हा एकच दार होते. आज दारे पुष्कळ आहेत: महापालिका, जिल्हा नियोजन, राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय, केंद्राचे संस्कृती मंत्रालय, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामासाठी राखलेला पैसा), दोन-चार खासगी प्रतिष्ठाने. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, तारीख वेगळी आणि नाही म्हणायची पद्धतही वेगळी.

आपल्याकडच्या कलाकाराचे घोडे पेंड खाते ते दोन ठिकाणी. एक म्हणजे कागदपत्रे. दुसरे म्हणजे समितीचा तो साधा प्रश्न: "यात तिथल्या लोकांचं काय?" या प्रश्नाला उत्तर नसलेला प्रस्ताव कितीही सुंदर असला तरी मागे पडतो. म्हणून हा लेख योजनांच्या यादीने सुरू होत नाही.

आधी वस्ती ठरवा

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. समजा, एक चित्रकार आणि एक शाहीर मिळून पुराच्या आठवणींवर काम करू पाहतात. कर्नाळ रोड, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट या भागांत कृष्णेचे पाणी सगळ्यात आधी शिरते. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले की इशारा, ४५ फुटांवर गेले की धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, २०२१ मध्ये पुन्हा आले. कल्पना अशी: बारा भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ आखायची, तिच्याभोवती त्या घरांच्या गोष्टी मुलांकडून चितारून घ्यायच्या, आणि लोकांच्या तोंडच्या हकिकतींवरून रचलेला पोवाडा तीन ठिकाणी सादर करायचा.

कल्पना चांगली आहे, पण अजून ती दोघा कलाकारांचीच आहे. अर्जाचा विचार करण्याआधी वस्तीत जाऊन तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. भिंत कोणती घ्यायची हे कोण सांगणार? गोष्टी कोण सांगणार, आणि त्या जाहीर करायला त्यांची तयारी आहे का? काम संपल्यावर भिंतीची मालकी आणि देखभाल कुणाकडे? यासाठी मोठी सभा लागत नाही. तिथले गणेश मंडळ, महिला बचत गट, जवळची शाळा आणि दोन-तीन जाणती माणसे एका संध्याकाळी बसली तरी पुरे. मात्र बैठकीची वही ठेवा. तारीख, उपस्थितांच्या सह्या, काय ठरले ते चार ओळींत. हीच वही पुढे प्रस्तावाला जोडता येते, आणि तिचे वजन कुठल्याही शिफारसपत्रापेक्षा जास्त असते.

पुराच्या घटना सांगताना कुणाचे दुखणे उघडे पडते. घर गेलेल्या बाईने भरल्या डोळ्यांनी सांगितलेली गोष्ट तिच्या संमतीशिवाय पोवाड्यात घालू नये. लेखी संमतीचा साधा मराठी नमुना तयार ठेवा: गोष्ट वापरू का, नाव घालू का, फोटो छापू का, आणि नंतर नको वाटले तर कुणाला सांगायचे. मुलांच्या बाबतीत पालकांची सही. बरीच खासगी प्रतिष्ठाने हल्ली हे विचारतात. विचारले नाही तरी करावेच.

अर्ज कुणाच्या नावाने

एकट्या कलाकाराला मिळणारा पैसा आणि संस्थेला मिळणारा पैसा यांचे रस्ते पहिल्याच वळणावर वेगळे होतात. वस्तीसोबतच्या कामाचा मोठा निधी जवळजवळ सगळा नोंदणीकृत संस्थेलाच मिळतो.

महाराष्ट्रात रूढ पद्धत अशी की संस्था १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि सोबतच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदवतात. काम धर्मादाय कार्यालयातून होते. संस्थेसाठी किमान सात सभासद लागतात. आपल्याकडे सात माणसे जमतात, पण सातही जण एकाच घरातली असतात. नोंदणी कदाचित होईलही, पण पुढे देणगीदाराने कार्यकारिणीची यादी पाहिली की तिथेच शंका येते.

नोंदणीनंतर लागणारे कागद एका फायलीत क्रमाने लावून ठेवा: नोंदणी प्रमाणपत्रे, संस्थेची घटना म्हणजे नियमावली, परिशिष्ट-१ चा उतारा (धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांची नोंद), संस्थेच्या नावाचे पॅन, बँक खाते, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, कार्यकारिणीचा ठराव. विश्वस्त बदलले असतील तर ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. कितीतरी जुन्या, नामांकित मंडळांचे अर्ज इथेच अडतात. अध्यक्ष वारून चार वर्षे झालेली असतात आणि उताऱ्यावर अजून त्यांचेच नाव असते. बँकेत सही चालत नाही, ऑनलाइन नोंदणीत नावे जुळत नाहीत.

यापुढचे तीन टप्पे ऑनलाइन आहेत. केंद्राच्या बहुतेक योजनांसाठी नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा क्रमांक लागतो. संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत मिळावी म्हणून आयकर विभागाची १२-ए आणि देणगीदाराला मिळावी म्हणून ८०-जी नोंदणी. आणि सीएसआरचा पैसा हवा असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरून मिळणारा क्रमांक. हा क्रमांक १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा झाला. १२-ए आणि ८०-जी आधी, सीएसआर-१ नंतर, हा क्रम उलटा करता येत नाही. परदेशी पैशाच्या वाटेला सुरुवातीला जाऊच नका. त्याला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि तो वेगळाच संसार आहे.

आता खरी अडचण. नवी संस्था आज काढली तरी तीन वर्षांचे हिशेब कुठून आणणार? केंद्राच्या योजनांमध्ये संस्थेला किमान तीन वर्षे झालेली लागतात. सीएसआरच्या नियमांतही बाहेरच्या संस्थेला तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव मागितला आहे. माझे मत स्पष्ट आहे: एका प्रकल्पासाठी नवी संस्था काढू नका. सांगली-मिरजेत वाचनालये, नाट्यसंस्था, संगीत मंडळे, शिक्षणसंस्था यांची कमतरता नाही. त्यांपैकी ज्यांचे हिशेब वेळेवर होतात अशी एक गाठा आणि तिच्यामार्फत अर्ज करा. पूर प्रकल्पासाठी वाचनालय हा स्वाभाविक जोडीदार ठरेल. २०१९ च्या पुरात सांगलीतल्या ग्रंथालयांनीही पुस्तके गमावली आहेत, त्यांना विषय समजावून सांगावा लागणार नाही.

फक्त संस्थेशी लेखी करार करा. दोन पाने पुरतात. पैसे कुणाच्या खात्यात येतील, किती दिवसांत कलाकारांना मिळतील, संस्था प्रशासनासाठी किती टक्के ठेवील, चित्रांचे आणि पोवाड्याचे हक्क कुणाकडे, अहवाल कोण लिहील. "आपलीच माणसं आहेत" म्हणून हा कागद टाळला जातो आणि पहिला हप्ता जमा झाल्यावर आपलीच माणसे परकी होतात.

पैसा कुठे आहे

जवळून सुरुवात करू. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ साली झाली. महापालिका अधिनियमात कला-संस्कृतीची कामे ऐच्छिक कर्तव्यांत येतात, म्हणजे पालिका करू शकते, पण केलीच पाहिजेत असे नाही. त्यामुळे इथे नियमापेक्षा वेळ महत्त्वाची. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यात सुरू होते आणि मार्चअखेर ते मंजूर व्हायचे असते. एप्रिलमध्ये निवेदन घेऊन गेलात तर अधिकारी चहा पाजतील, पण लेखाशीर्षच, म्हणजे अंदाजपत्रकात त्या खर्चाचे खातेच, नसेल तर तेही काही करू शकत नाहीत. नोव्हेंबरमध्ये जा. रोख अनुदान मागण्यापेक्षा वस्तू आणि सेवा मागा: भिंतींची परवानगी, कार्यशाळेला पालिका शाळेचा वर्ग, सादरीकरणासाठी नाट्यगृह सवलतीत, पाण्याचा टँकर, साफसफाई. हे लवकर मिळते आणि दुसऱ्या देणगीदाराला 'पालिका सोबत आहे' हे पत्र दाखवता येते. अर्ज आवक विभागात देऊन पोहोच घ्यायला मात्र विसरू नका. साहेबांच्या हातात दिलेला अर्ज हा न दिलेला अर्ज.

जिल्हा नियोजन समितीकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियोजन शाखेकडे, जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण कामांसाठी तरतूद असते. हा पैसा सरकारी यंत्रणेमार्फत खर्च होतो, त्यामुळे थेट संस्थेच्या खात्यात येण्याची अपेक्षा ठेवू नका. पण आपल्या उदाहरणातली पूररेषा ही नुसती चित्रकला नाही, नवख्या भाडेकरूला पाणी कुठवर येते ते सांगणारी खूणही आहे. त्यामुळे हा प्रकल्प आपत्ती व्यवस्थापनाच्या टेबलावरही मांडता येतो. ज्या कलाप्रकल्पाला असे दुसरे दार आहे त्याने ते जरूर ठोठवावे. ओढूनताणून मात्र नको. प्रत्येक नाटकाला 'स्वच्छता जागृती' चिकटवल्याने ना नाटक राहते ना जागृती.

राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाचा भर महोत्सव, नाट्यस्पर्धा आणि लोककला पथकांवर आहे. तमाशा फड, शाहिरी पथके यांच्यासाठी तिथे अनुदानाच्या योजना आहेत, जाहिरात निघाली की अर्ज मागवतात. आपल्या जिल्ह्याला हे जवळचे असायला हवे. पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, काळू-बाळूंचा फड कवलापूरचा. तरी तालुक्यातल्या किती शाहिरांना जाहिरात वेळेत कळते, हा प्रश्नच आहे. प्रकल्पात ज्येष्ठ कलावंत असतील तर एक सोबतचे काम करून टाका. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलाकारांची मानधन सन्मान योजना आहे, २०२४ पासून तिचे मानधन दरमहा ५,००० रुपये आहे. त्यांचा अर्ज भरून द्या. प्रकल्पाला याचा एक रुपयाही मिळणार नाही, पण ज्या म्हाताऱ्या ढोलकीवाल्याची कला आपण वापरतो आहोत त्याला मिळेल.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेत अनेक घटक आहेत. आपल्या कामाचा घटक म्हणजे सांस्कृतिक कार्यक्रम आणि निर्मितीसाठीचे अनुदान, इंग्रजी आद्याक्षरांवरून सीएफपीजी. संस्थेला महोत्सव, कार्यशाळा, प्रदर्शन, संशोधन, नाटक-नृत्य-संगीताची निर्मिती यांसाठी साधारण पाच लाखांपर्यंत मदत मिळते, अपवाद म्हणून वीस लाखांपर्यंत. खर्चाचा पाऊण हिस्सा मंत्रालय देते, पाव हिस्सा संस्थेने उभा करायचा. आणि मंजूर रक्कमही दोन हप्त्यांत येते: आधी ७५ टक्के, काम संपून हिशेब गेल्यावर २५ टक्के. हे दोन्ही 'पाव' वेगवेगळे आहेत. अर्जदारांचा गोंधळ इथे ठरलेला.

एकट्या कलाकारासाठी त्याच मंत्रालयाच्या शिष्यवृत्त्या आहेत. १८ ते २५ वयोगटाला दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये. पुढे कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) दरमहा १०,००० आणि चाळिशीनंतर वरिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा २०,०००, दोन्ही दोन वर्षांसाठी. यातून भिंती रंगणार नाहीत, पण चित्रकाराचे घर चालेल, आणि वस्तीतले काम त्याच्या संशोधनाचा भाग होऊ शकेल. महाराष्ट्र दोन क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांत मोडतो, नागपूरच्या दक्षिण मध्य आणि उदयपूरच्या पश्चिम क्षेत्रात. दोन्हीकडे कलाकारांची नोंद करून ठेवावी. रोख अनुदान क्वचित, पण कार्यक्रमांचे बोलावणे येते आणि अनुभवाच्या रकान्यात ओळ वाढते.

आता सीएसआर. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचे जतन, तसेच पारंपरिक कला व हस्तकलांचा विकास स्पष्ट शब्दांत आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सतारमेकर गल्लीत नव्या पोरांना भोपळा घडवायला, जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार जुळवायला, शिकवण्याचा प्रकल्प या अनुसूचीत अगदी चपखल बसतो. आपल्या पूररेषेला थोडे जास्त समजावावे लागेल.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. एकदाच होणारा कार्यक्रम, बक्षीस समारंभ, मॅरेथॉन, प्रायोजकत्व असले खर्च सीएसआरमध्ये धरले जात नाहीत. म्हणून 'पोवाड्याचा भव्य कार्यक्रम' असे लिहून पाठवलेले पत्र कंपनीचा अधिकारी नाइलाजाने बाजूला ठेवतो. तेच काम 'सहा महिन्यांचा वस्ती-कलाप्रकल्प' म्हणून, कार्यशाळा आणि प्रशिक्षणासह मांडले तर बोलणे सुरू होते. दुसरे: आपल्या जिल्ह्यातला मोठा पैसा सहकारात आहे, आणि साखर कारखाने किंवा नागरी बँका सहकार कायद्याखाली असल्याने त्यांना हे २ टक्क्यांचे बंधन लागू नाही. त्यांच्याकडे वेगळा धर्मादाय निधी असू शकतो, पण तिथे निर्णय संचालक मंडळाचा आणि सभासदांच्या इच्छेचा. प्रकल्पाच्या वस्तीत त्यांचे सभासद किती हे सांगितले तर दार लवकर उघडते. कंपनीकडे मात्र एप्रिल ते जून या काळात जा, तेव्हा वर्षाचा कृती आराखडा ठरत असतो.

खासगी प्रतिष्ठानांत बंगळुरूचे इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स हे नाव आधी घ्यायला हवे. १९९३ साली स्थापन झालेली ही संस्था कलाकारांना आणि संशोधकांना थेट अनुदान देते आणि भारतीय भाषांतले प्रस्ताव स्वीकारते. म्हणजे शाहिराला मराठीत लिहिता येते. त्यांना भव्यता नको असते. प्रश्न नवा आहे का, कलाकाराला त्याचा ध्यास आहे का, हे ते पाहतात. अर्ज करण्याआधी त्यांच्या कार्यक्रम अधिकाऱ्याशी बोलून घ्या, ते मसुद्यावर प्रश्न विचारतात आणि त्या प्रश्नांनीच प्रस्ताव सुधारतो. दिल्लीचे फाउंडेशन फॉर इंडियन कंटेम्पररी आर्ट दृश्यकलांसाठी काम करते, सार्वजनिक जागेतल्या कलेसाठीही त्यांनी अनुदाने दिली आहेत.

आणि वर्गणी. लोकांकडून पैसे गोळा करायचे आणि नोंदणीकृत न्यास नसेल तर धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खाली परवानगी लागते. गणेश मंडळांना हे दरवर्षीचे आहे, त्यांना विचारा. वस्तीतून गोळा झालेले वीस-तीस हजार रुपये मोठ्या देणगीदारासमोर बोलतात, कारण ज्यांच्यासाठी काम आहे त्यांनी स्वतः खिशात हात घातलेला असतो.

प्रस्ताव लिहिताना

"या प्रकल्पात मोठ्या प्रमाणावर लोकसहभाग असेल." हे वाक्य वाचून समितीला काहीही कळत नाही. त्याऐवजी असे: "दत्तनगर आणि सूर्यवंशी प्लॉटमधली चाळीस घरे आपली गोष्ट सांगतील. बारा भिंती कोणत्या, हे वस्तीतल्या सात जणांची समिती ठरवील, तीत किमान चार महिला असतील. पाचवी ते आठवीची साठ मुले चार कार्यशाळांतून चित्रे काढतील आणि तीच भिंतीवर मोठी केली जातील. पोवाड्याचा कच्चा मसुदा आधी वस्तीत वाचून दाखवला जाईल, मगच तो बसवला जाईल." यात आकडे आहेत, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे लोक कुठे निर्णय घेतात हे दिसते. प्रेक्षक म्हणून बसणे, हात लावणे आणि ठरवणे या तीन वेगळ्या पातळ्या आहेत. नुसत्या पहिल्या पातळीवरच्या कामाला वस्तीचा प्रकल्प म्हणू नये.

चार-पाच पानांपेक्षा जास्त लिहू नका. पहिल्या अर्ध्या पानात काय, कुठे, कुणासोबत, किती दिवसांत, किती पैशांत हे येऊ द्या. सांगलीच्या नाट्यपरंपरेचा इतिहास दोन ओळींत उरका, समितीला तो ठाऊक असतो. आधीच्या कामाची पाच-सहा चांगली छायाचित्रे, तारीख आणि ठिकाणासह. सत्काराचे फोटो नकोत, काम चालू असतानाचे हवेत. वेळापत्रक आखताना पाऊस विसरू नका. जून ते सप्टेंबर भिंतीला हात लागत नाही, आणि पूररेषेचा प्रकल्प पुरातच अडकला तर हसे होईल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोष्टी गोळा करणे, डिसेंबरात मुलांच्या कार्यशाळा, जानेवारी ते मार्च भिंती आणि पोवाडा. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, म्हणून मुलांचे काम आधी.

"आम्ही लिहून देतो, मंजूर करून आणतो, दहा टक्के द्या" म्हणणारे भेटतील. त्यांच्या हातचे पाच प्रस्ताव शेजारी ठेवले तर फक्त गावाचे नाव बदललेले दिसते. पैसे द्यायचेच तर चांगल्या लेखापालाला द्या.

अंदाजपत्रक

इथे थोडे थांबायला हवे, कारण कलाकार इथेच स्वतःवर अन्याय करतात. आपल्या उदाहरणाचे अंदाजपत्रक असे मांडता येईल. दर नमुन्यादाखल आहेत, तुम्ही स्थानिक कोटेशन घेऊन बदला.

चित्रकाराचे मानधन, ३ महिने, दरमहा २५,०००: ७५,०००
शाहीर आणि पथक, रचना, तालमी, ३ सादरीकरणे: ६०,०००
वस्तीतलाच समन्वयक, ३ महिने, दरमहा ८,०००: २४,०००
१२ भिंतींची डागडुजी, प्रायमर, रंग, परांची, प्रत्येकी ६,०००: ७२,०००
मुलांच्या ४ कार्यशाळा, साहित्य आणि खाऊसह, प्रत्येकी ४,५००: १८,०००
३ सादरीकरणांचा मंच, ध्वनी, दिवे, प्रत्येकी ९,०००: २७,०००
छायाचित्रण आणि चित्रीकरण: २०,०००
परवानग्या, छपाई, विमा: ८,०००
लेखापरीक्षण आणि प्रशासन: १०,०००
अचानक उद्भवणारा खर्च: १६,०००
एकूण: ३,३०,०००

पाऊण हिस्सा मागायचा तर २,४७,५०० रुपये अनुदान आणि ८२,५०० रुपये स्वतःचे. स्वतःचा हिस्सा कुठून येणार ते नावानिशी लिहा: वर्गणी इतकी, बँकेची देणगी इतकी, संस्थेचा निधी इतका. रंगाच्या दुकानाने दिलेली सूट किंवा फुकट मिळालेला वर्ग ही वस्तुरूप मदत सगळ्याच योजनांत धरतात असे नाही, त्या योजनेची अट वाचून घ्या.

पहिल्या दोन ओळींकडे पुन्हा पाहा. एकूण रकमेच्या चाळीस टक्क्यांहून जास्त पैसा कलाकारांना जातो आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. मंडपवाला, रंगवाला, फ्लेक्सवाला यांना पूर्ण दर द्यायचा आणि कलाकाराने 'सेवाभावा'ने यायचे, ही आपली जुनी खोड. समितीलाही असे अंदाजपत्रक खटकते: जो स्वतःचे काम मोजत नाही तो ते तीन महिने टिकवणार कसा? समन्वयकाचे मानधनही काढू नका. वस्तीतली जी ताई घरोघर जाऊन लोकांना जमवते तिच्याशिवाय हे काम उभे राहत नाही. अचानक खर्चाची ओळ सरकारी योजनांत बहुधा कापतात, तेव्हा ती रक्कम रंग आणि मंच यांच्या दरांत आधीच वास्तव धरून ठेवा, फुगवून नव्हे.

व्यावसायिक मानधनावर ठरावीक मर्यादेपुढे टीडीएस कापावा लागतो. पथकातल्या प्रत्येकाचे पॅन आणि बँक खाते आधी गोळा करा. ढोलकीवाल्याचे खाते नाही म्हणून शाहिराच्या खात्यावर सगळे पैसे टाकले की हिशेबात आणि पथकात, दोन्हीकडे भांडण.

परवानग्या

या पटकन सांगतो. खासगी भिंतीला मालकाची लेखी संमती, सार्वजनिक भिंतीला पालिकेची. सार्वजनिक मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे आणि हेतू चांगला असला तरी तो लागू होतो. पूल, घाट, वीज मंडळाच्या खोल्या यांची खाती वेगळी. महाराष्ट्रात रंगमंचीय प्रयोगाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परीनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, संहिता लवकर पाठवा. उघड्यावरच्या सादरीकरणाला पोलीस ठाण्याची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी, रात्री दहाची मर्यादा पाळून. सगळ्या प्रती प्रकल्पाच्या फायलीत, आणि एक संच भिंतीवर काम करणाऱ्या माणसाच्या पिशवीत.

मंजुरीचे पत्र आल्यावर

पत्राची तारीख पाहा. त्याआधी केलेला खर्च सहसा धरत नाहीत, म्हणून उत्साहाच्या भरात आधीच रंग आणून ठेवू नका. अटी कार्यकारिणीसमोर वाचा आणि स्वीकृतीचा ठराव करा. केंद्राचा पैसा असेल तर संस्थेची पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीवर, नोंद लागते. वेगळे बँक खाते उघडता आले तर उत्तम, नाहीतर निदान वेगळी खातेवही.

शेवटचा हप्ता कामानंतर येतो, आणि 'कामानंतर' म्हणजे कित्येक महिन्यांनी. म्हणून स्वतःचा पाव हिस्सा सुरुवातीला उडवू नका, तो शेवटच्या महिन्यासाठी राखा. कलाकारांना शेवटचे मानधन त्यातून वेळेवर देता येते. सरकारी हप्त्याची वाट पाहत बसायची पाळी संस्थेवर येऊ द्या, शाहिरावर नको.

प्रत्येक खर्चाला पावती, मोठ्या खरेदीला तीन कोटेशन, मानधन बँकेतूनच. कार्यशाळेचे हजेरीपत्रक, भिंतीचे आधीचे आणि नंतरचे छायाचित्र त्याच कोनातून. केंद्राच्या अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर १२-ए या सरकारी वित्तीय नियमांतल्या नमुन्यात (आयकराची १२-ए वेगळी) सनदी लेखापालाच्या सहीने जाते, आणि उरलेली रक्कम व्याजासह परत करायची असते. योजनेतला बदल, म्हणजे बाराऐवजी दहा भिंती किंवा एका शाहिराऐवजी दुसरा, आधी पत्राने कळवून मान्य करून घ्या. हिशेबाबरोबर जाणाऱ्या अहवालात जे जमले नाही तेही लिहा. दोन घरांनी गोष्ट सांगायला नकार दिला, एका भिंतीला ओल होती म्हणून जागा बदलली, हे वाचणाऱ्याला काम खरोखर झाले याची खात्री देते.

नामंजुरी आली तर कारण विचारणारे एक सभ्य पत्र पाठवा. खासगी प्रतिष्ठाने बहुधा उत्तर देतात, सरकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली गुणतक्ता मागता येतो. तोच प्रस्ताव तसाच दुसरीकडे चिकटवू नका, निदान पहिले पान त्या देणगीदारासाठी नव्याने लिहा.

राहता राहिली देखभाल. बाहेरचा रंग उन्हापावसात तीन-चार वर्षांत उडायला लागतो, आणि पूररेषा पुसट झाली तर तिचा उपयोगच संपतो. प्रकल्प संपण्याआधी वस्ती समिती, गणेश मंडळ आणि शाळा यांच्यात एक पानी करारनामा करून ठेवा: दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी, रेघ आणि फुटांचे आकडे कोण रंगवणार, रंगाचे पैसे मंडळाच्या कोणत्या खात्यातून निघणार, आणि एखाद्या घरमालकाने घर पाडून नवे बांधले तर ती भिंत पुढे कुठे जाणार.